डाव्या गाठींचा तपास

जयपूरच्या सीतापुरा भागातील एका खासगी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. उत्कर्षा सबनीस यांनी गेल्या चैत्रात रेणूला गाठ मारली. या कृत्याने विद्यापीठाच्या शांततेस बाधा येईल, असे त्या वेळी कोणासही वाटले नाही.

काम नाजूक होते. लांब रेणूंचे धागे धातूच्या कणांभोवती ठरल्या वळणाने गुंडाळायचे, मोकळी टोके एकमेकांना कायमची जोडायची आणि मग धातू अलगद काढून घ्यायचा. मागे उरते ती गाठ. बहुतेक वेळा उरायचा तो चिखल. उत्कर्षाबाई आणि त्यांची संशोधक विद्यार्थिनी हर्षाली यांनी वळणे बदलून बदलून बरीच वर्षे चिखलच केला. अखेर एका दुपारी यंत्राच्या पडद्यावर हवी ती रेघ उमटली. दोघींनी प्रयोगशाळेतच फुगडी घातली. त्या भरात बाईंच्या हातून एक चूक झाली. त्यांनी ही बातमी कार्यालयाला कळवली.

कुलसचिव कर्नल रंगनाथ बर्वे (निवृत्त) जातीने आले. मूळचे साताऱ्याचे, शेवटची नेमणूक जयपूरच्या छावणीत झाली आणि ते इथलेच झाले.

"गाठ दाखवा."

बाईंनी काचेची कुपी पुढे केली. तळाशी मिठाच्या दहा-पंधरा कणांएवढी पिवळट पूड होती.

"ही तर पूड आहे."

"यातला एकेक रेणू म्हणजे एकेक गाठ, सर. डोळ्यांना दिसत नाही."

"मतलब, सुटली असेल."

"सुटूच शकत नाही. तिला टोकंच नाहीत."

"न सुटणाऱ्या गाठी आमच्या कार्यालयातही ढीगभर आहेत. त्याचे पेढे आम्ही कधी वाटले नाहीत. नग किती?"

"एक मिलिग्रॅम आहे. म्हणजे अंदाजे तीनावर सतरा शून्यं."

अंदाजे हा शब्द कर्नलसाहेबांनी फौजेतही कधी चालवून घेतला नव्हता. नियम स्पष्ट होता: संस्थेत तयार झालेल्या कोणत्याही मालाच्या दहा टक्के नगांची प्रत्यक्ष मोजणी व्हावी. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बाकडी होती, हे खरे. पण गाठींना वगळावे असे नियमात कुठेही म्हटले नव्हते.

वाणिज्य विभागाच्या मंदाकिनी आपटे यांच्या अध्यक्षतेखाली मोजणी समिती नेमली गेली. सेकंदाला एक गाठ या वेगाने काम पंचाण्णव कोटी वर्षे चालेल, असा हिशेब त्यांनी चहा निवायच्या आत मांडला. यावर कोणीही हसले नाही. एवढ्या दीर्घ मुदतीच्या कामाला हंगामी माणसे पुरणार नाहीत, हे सर्वांना एकदम पटले आणि समितीचे रूपांतर कायमस्वरूपी गाठगणना विभागात झाले. विभागाला जागा हवी, म्हणून प्रयोगशाळा त्याला देण्यात आली. मोजणी सुरू असताना मालात भर पडता कामा नये, म्हणून नव्या गाठी मारण्यास मनाई झाली. कुपीला लाखेचे सील लागले.

"सर, हर्षालीचा प्रबंध अडकलाय," उत्कर्षाबाई म्हणाल्या. "तिला अजून डाव्या आणि उजव्या गाठी वेगळ्या करायच्या आहेत."

कर्नलसाहेब खुर्चीत ताठ झाले. "डाव्या?"

"ही गाठ दोन प्रकारे बसते, सर. एक उजव्या वळणाची, दुसरी डाव्या. आरशातल्यासारखी. आपोआप निम्म्या-निम्म्या होतात."

"मतलब, निम्मा माल उलटा आहे आणि तुम्ही हे आज सांगताय?"

दुसऱ्याच दिवशी बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. संस्थेची परंपरा उजवी असताना पन्नास टक्के गाठी डाव्या का वळल्या? हर्षालीने नोटीस मोठ्याने वाचायला घेतली, पण दुसऱ्या ओळीत तिला हसू फुटले. बाईंनी तिला गप्प करायला हात उचलला आणि त्याही खुर्ची धरून हसत खाली बसल्या.

"मॅम, निसर्गाला नोटीस द्या म्हणावं."

"नको गं. ते देतील, आणि पोच मागतील."

विभागाच्या उद्‌घाटनाला मंत्र्यांच्या बंगल्यांच्या सिव्हिल लाइन्समधून एक बडे पाहुणे आले. गाठीचे दर्शन घेतल्याशिवाय फीत कापणार नाही, म्हणाले. सील तोडून कुपी त्यांच्या नाकासमोर धरण्यात आली. सभागृहातला राक्षसी कूलर त्यांच्या पाठीशी पूर्ण वेगात फिरत होता. पाहुण्यांना शिंक आली.

"कोणीही हलायचं नाही!" कर्नल गरजले. "सगळ्यांच्या अंगावर संस्थेचा माल आहे!"

दरवाजे बंद झाले. प्रथेप्रमाणे भाषणे मात्र झाली. मंदाकिनीबाईंनी प्रेक्षकांची झाडाझडती सुरू केली, तेव्हा हर्षालीने नम्रपणे वरच्या खिडकीकडे बोट दाखवले. ती उघडी होती आणि बाहेर आंधी सुटली होती. धुळीचा लोट चौमूं गावाच्या दिशेने निघाला होता.

आता वारा जाईल तिथवर मोजणी करणे भाग होते. ते अवघड, म्हणून स्वयंघोषणेची सोय झाली. प्रत्येक नागरिकाने छापील अर्जावर लिहून द्यायचे: आपल्या अंगावर किती गाठी बसल्या, आणि त्या उजव्या की डाव्या? खाली बारीक अक्षरात सूचना होती, की डावी आढळल्यास चौकशी होईल.

प्रतिसाद अभूतपूर्व होता. लोकांनी शेजाऱ्याने किती लिहिल्या ते विचारून त्याहून थोड्या जास्त लिहिल्या. आपण कमी पडलो असे कोणालाही वाटून घ्यायचे नव्हते. मंदाकिनीबाईंनी बेरीज केली, तेव्हा गाठी मूळ संख्येच्या चौपट भरल्या.

"मॅडम, अभिनंदन!" कर्नलसाहेब नोटिशीचा विषयच विसरले होते. "उत्पादन चौपट! आणि सगळ्या उजव्या!"

"डाव्या कुठे गेल्या, सर?"

"कोणाकडेच नव्हत्या."

"निम्म्या होत्या. मी स्वतः केल्या होत्या."

"मॅडम, एका बाजूला तुम्ही एकट्या आणि दुसऱ्या बाजूला सगळी जनता. शास्त्रज्ञानं थोडं जनतेचंही ऐकावं."

डाव्या गाठी उजव्या करण्याच्या शोधाबद्दल उत्कर्षाबाईंचा शाल देऊन सत्कार झाला. हर्षालीने आहे तसाच सादर केलेला प्रबंध मात्र गाठगणना विभागाकडून परत आला. त्यात निम्म्या गाठी डाव्या असल्याचे नमूद केले आहे, हे लोकमताशी विसंगत असल्याने दुरुस्ती करावी, असा शेरा होता.

"काय करू, मॅम?"

"तुला काय दिसलं?"

"निम्म्या."

"मग निम्म्याच राहू दे."

हर्षालीने प्रबंध जसाच्या तसा पुन्हा पाठवला. आता तो पंचाण्णव कोटी वर्षांच्या कामाच्या रांगेत आहे. दोघींनी शहराच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीच्या महाविद्यालयात एक ओटा मिळवला आहे आणि तिथे पुन्हा चिखल सुरू झाला आहे. कार्यालयाला कळवलेले नाही.

वारा पुढे दिशा बदलून महाराष्ट्रापर्यंत आला, त्यामुळे तिकडच्या घोषणाही विभागाकडे जमा आहेत. वाचकहो, त्यात आपलीही आहे. आपण ती गाठ पाहिलेली नाही आणि डावी-उजवी ओळखता येते असा आपला दावाही नाही. तरी आपण 'सर्व उजव्या' असे लिहिले आहे. अक्षर मात्र सुरेख आहे.