सासऱ्यांचा जबडा

चार दिवसांसाठी लेकीकडे आलेल्या सासऱ्यांनी जेवून दिवाणावर पाठ टेकली मात्र, खिडकीची तावदानं थरथरू लागली. जावई समोरच्या खुर्चीत बोटं चोळत बसला होता आणि आईच्या मायेनं त्यांच्या उघड्या तोंडाकडे पाहत होता.

भूल देण्याचं शिक्षण सुरू होऊन त्याला महिना होत आला होता. पेशंट बेशुद्ध झाला की जीभ मागे पडते, श्वास अडतो. म्हणून जबडा पुढे उचलून धरायचा. ऐकायला सोपं. याच्या हातून मात्र जबडा हटकून सटकायचा. "अहो डॉक्टर, उचला! गोंजारताय काय?" मॅडम भर ऑपरेशन थिएटरात म्हणाल्या होत्या. "सोमवारी जमलं नाही, तर पुढचा महिना नुसत्या नळ्या पुसायच्या."

आणि रविवारी दुपारी, घरच्या घरी, जीभ मागे पडलेला एक धडधाकट माणूस आयता समोर!

जावई चवड्यांवर चालत दिवाणाच्या उशाशी गेला. कानांखाली बोटं रोवली आणि जबडा पुढे उचलला. घोरणं गप्पकन थांबलं. सोडला, सुरू. उचलला, बंद. घरातला नळसुद्धा इतका शहाण्यासारखा वागत नव्हता. मग त्यानं जबडा नीट धरून ठेवला आणि कृतार्थ होऊन डोळे मिटले.

तिकडे स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं. लग्न झाल्यापासून अशी शांतता त्यांनी ऐकली नव्हती.

"अगं, तुझे बाबा गेले!"

"कुठे?" लेकीनं विचारलं.

"कुठे काय! वर!"

दोघी धावत बाहेर आल्या. बघतात तो काय, जावयाचे दोन्ही हात सासऱ्यांच्या मानेशी! सासूबाईंनी अशी किंकाळी फोडली की शेजारचे वकील हातात वर्तमानपत्र घेऊन तसेच आत आले.

"हात काढा! मी साक्षीदार आहे!" वकील गरजले.

"आत्ता सोडलं तर जीभ मागे पडेल हो!"

"जिभेचं काय घेऊन बसलात? माणूस गेला!"

"अरे, सोड आधी त्यांना!" बायको किंचाळली.

त्यानं सोडलं. दिवाण हादरला, तावदानं पुन्हा थरथरली. "आहेत गं, आहेत!" म्हणत सासूबाई मटकन खाली बसल्या. हातची केस गेल्यामुळे वकिलांचा चेहरा उतरला.

त्या गलक्यानं सासऱ्यांनी एक डोळा उघडला. "कोण गेलं?"

"तुम्ही!"

"मग झोपू तरी द्या."

पुढे आठवडाभर बायको त्याच्याशी धड बोलली नाही. पण दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, थिएटरात जबडा तसूभरही सटकला नाही. मॅडम नुसती मान डोलावून पुढच्या टेबलाकडे गेल्या. त्यांच्या लेखी ही शाबासकीच. जावई हवेत तरंगतच घरी आला. दारात सासरे वाट बघत उभे.

"जावईबापू, काल तुम्ही जे काही केलंत ना, तेवढा वेळ मी वर्षानुवर्षांत झोपलो नाही असा झोपलो. हे शिक्षण किती वर्षांचं असतं हो?"

"तीन," जावई अभिमानानं म्हणाला.

सासरे आत वळून ओरडले, "अगं, बॅगेतले कपडे काढून कपाटात लाव!"

मग दिवाणावर आडवे झाले आणि हनुवटी वर करून त्यांनी डोळे मिटले.