माझा कान आणि दोन मशिनं

माझा कान म्हणजे कान आहे! डोळे बांधा, गाणं लावा; ते व्हॉल्व्हच्या मशीनवर भरलंय की ट्रान्झिस्टरच्या, हे पहिल्या सुरात सांगतो. निदान ब्याण्णव सालापर्यंत तरी सांगत होतो.

तेव्हा जळगावात माझा कॅसेटी भरायचा छोटा स्टुडिओ होता. अहिराणी लग्नगीतं जोरात खपत होती, आणि हस्तीमल शेठजी एक कॅसेट काढायला तयार झाले होते. "फक्त आवाज दमदार पाहिजे, मोतीभाऊ," ते म्हणाले. "नाहीतर भुसावळला दुसरा स्टुडिओ आहेच."

मी माइकचा आवाज वाढवणारे दोन प्रीअँप मांडले. एक धुळ्याच्या बंद पडलेल्या थिएटरातून आणलेला, व्हॉल्व्हचा. तापला की वर पापड भाजून घ्यावा! दुसरा नवाकोरा, त्याला आवाजाचा खालचा-वरचा भाग कमीजास्त करणारा इक्वलायझर जोडलेला. सरकत्या बटणांची रांग अशी, जणू हार्मोनियमच भिंतीला टेकून उभी केलीय!

गायला धरणगावच्या वच्छलाबाई. त्या पलीकडच्या खोलीत माइकसमोर; आम्ही अलीकडे, मधल्या भिंतीत काच.

बाईंनी सूर लावला. "हा जुना," मी म्हणालो. "आवाजाला ऊब बघा! गोधडीत शिरल्यासारखं वाटतं."

"वाटतं, वाटतं," म्हणत शेठजींनी रुमालाने कपाळ पुसलं.

"आता नवा. हं! खालचा भाग फार फुगलाय. कापू?"

"कापा की!"

"मध्येही जाडच आहे. आणि वर नुसता कर्कशपणा!"

"मग वरचंही उडवा!"

गाणं थांबलं. दार धाडकन उघडलं. पदर खोचून वच्छलाबाई उभ्या!

"कोन फुगेल शे रे मोतीभाऊ? माले कापस? ये, काप!"

"अक्का, तुम्ही नाही, आवाज!"

"मना आवाज कर्कश?"

"वरचा तेवढाच, अक्का! खालचा नुसता जाड आहे!"

शेठजी टेबलामागे सरकले. मला मात्र एक कळेना. "अक्का, आमचं बोलणं तुम्हाला ऐकू कसं आलं?"

"फळीस्नी भित शे तुमनी! बठ्ठं आयकू येस!"

 आमचा आवाज फळ्यांतून तिकडे जातो, तर बाईंचा इकडे...? मी माइककडे धावलो. वायर जमिनीवर लोळत होती!

"ती तं मी पहिलेच काढी टाकी," बाई म्हणाल्या. "पायमा येत व्हती."

शेठजींनी जुन्या मशीनकडे पाहिलं, नव्याकडे पाहिलं, मग माझ्या कानाकडे. "मोतीभाऊ, मग ती ऊब?"

"शेठजी," मी म्हणालो, "मे महिना आहे!"

हातापाया पडून बाईंना थांबवलं. कॅसेट निघाली, पार शिरपूरपर्यंत गाजली. लोक अजून विचारतात, "एवढा गोड आवाज कोणत्या मशीनवर भरला हो?"

काय सांगू! बाईंनी हाताला येईल त्या मशीनला वायर खुपसली, बटण शेठजींनी दाबलं. मला दोघांनी मिळून समोरच्या रसवंतीत बसवून ठेवलं होतं!