बिनकोटाचा गडी

कांबळे सर कुणाच्याही घरी गेले, की चहाच्या आधी पिठाचं भांडं मागत. "वहिनी, पीठ आंबलंय न्हवं? चमचाभर द्या की." मग खिशातून छोटी बाटली निघायची. उचगावच्या आमच्या गल्लीत सर शिरले, की बायका इडलीची पातेली झाकत.

आम्ही एकाच कॉलेजात. मी मराठी शिकवायचो, ते वनस्पतिशास्त्र. नव्वदच्या दशकात सगळ्यांना कॉम्प्युटरचं वेड लागलं, ह्या गृहस्थाला लागलं आंबलेल्या पिठातल्या यीस्टचं. यीस्ट म्हणजे एक बुरशीच, आणि तिच्यात म्हणे एक अगदी साधा विषाणू राहतो. इतर विषाणूंच्या अंगावर प्रथिनाचा कोट असतो, ह्याच्या अंगावर काही नाही. पेशीबाहेर पडत नाही. आई-पेशीकडून लेक-पेशीकडे, एवढाच त्याचा प्रवास. "बिनकोटाचा गडी हाय. घर सोडत न्हाय, कुणाला तरास न्हाय!" पुतण्याला नोकरी लागल्यासारखं सर हे सांगत.

सर स्वतःही थंडीत स्वेटर घालत नसत आणि कुठं मुक्कामाला जात नसत. दिल्लीच्या परिषदेचं बोलावणंही त्यांनी नाकारलं. का, तर "घरी काम हाय." सडाफटिंग माणसाला घरी कसलं काम? आम्ही यथेच्छ चेष्टा केली.

लग्न एकदा जुळत आलं होतं. गारगोटीच्या पाहुण्यांनी विचारलं, काय करता? "विषाणू पाळतो." पाहुण्यांनी कपबशी खाली ठेवली ती ठेवलीच. "पावणं, त्यो मानसाला लागत न्हाय!" असं ओरडत सर एसटी स्टँडपर्यंत त्यांच्या मागं गेले.

पुढं एका उन्हाळ्यात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, पुण्याला. आदल्या दिवशी ते स्टीलचा डबा घेऊन आमच्या दारात उभे.

"वहिनी," ते माझ्या बायकोला म्हणाले, "आमची आई कोडोलीला आंबील करायची. ती गेली त्या दिवशी मडक्यात आंबलेलं पीठ हुतं, ते आणलं. अकरा वर्सं रोज मूठभर जोंधळ्याचं पीठ घालून वाढवलंय. एक दिस चुकलो न्हाय. आता तुमी घाला. आनि मी न्हाईच आलो, तर तुमच्या लेकीला शिकवा. मला कुठली लेक?"

केलेल्या चेष्टेची मला लाज वाटली.

महिन्यानं सर परतले, निम्मे होऊन. बसायच्या आधी विचारलं, "हाय न्हवं?"

आमच्या लेकीनं, शुभानं, आंबिलीची वाटी पुढं केली. रोजचं पीठ तीच घालत होती. सरांनी घोट घेतला. विषाणूबद्दल चकार शब्द नाही.

"आईचीच हाय की," एवढंच म्हणाले, आणि रिकामी वाटी शुभापुढं धरली.