जावयाच्या चाकातली हवा

रविवारी सकाळी सहाला नीळकंठराव झाडू घेऊन फाटकाशी आले आणि जावयाच्या गाडीची मागची चाकं पाहून त्यांच्या काळजात चर्र झालं. लाल रंगाची, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार, आणि तिची मागची दोन्ही चाकं खाली बसलेली. पंक्चर म्हणावं तर दोन्ही एकदम कशी होतील?

नीळकंठरावांनी गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी विभागात काढली होती. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण तपासणी काही निवृत्त झाली नव्हती. शाहपुऱ्यातल्या त्यांच्या फाटकातून पाहुण्याचं कुठलंही वाहन हवा मोजल्याशिवाय बाहेर पडत नसे. दूधवाल्याच्या मोटरसायकलचीही सुटका नव्हती. त्यांनी आतून पितळी गेज आणून लावला. एक चाक अठरा, दुसरंही अठरा. किल्ली खुंटीलाच होती. दार उघडून त्यांनी चौकटीवरची हवेच्या दाबाची पट्टी वाचली, तर तिथं पस्तीस.

त्यांचे हात शिवशिवू लागले. पण लेकीची ताकीद होती. ऋतुजानं शुक्रवारी इंदूरहून फोनवर बजावलं होतं, "बाबा, अद्वैत एकटाच येतोय, शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर त्याची रेस आहे. त्याच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही." याला कारणही तसंच होतं. मागच्या दिवाळीत नीळकंठरावांनी जावयाची कुरकुरणारी चप्पल दुरुस्त केली होती आणि जावई अनवाणी इंदूरला परतला होता. तेव्हाही तो इतकंच म्हणाला होता, "चालेल बाबा."

तीन वर्षांत तो दुसरं काही म्हणालाच नव्हता. प्रवास कसा झाला, तर छान. जेवण कसं होतं, तर छान. मुलगा गुणी, नागपूरच्या चांगल्या घरातला, पण सासऱ्यासमोर असा बसे, जणू तोंडी परीक्षा चालली आहे. नीळकंठरावांना मुलगा नव्हता. जावयाशी चार गप्पा माराव्यात, वाद घालावा, एवढीच त्यांची हौस होती आणि तीच पुरी होत नव्हती. निदान त्याची गाडी तरी आपल्या दारातून सुखरूप जावी, असं त्यांच्या मनात आलं. शिवाय हवा म्हणजे काही गाडी नव्हे. त्यांनी पायपंप काढला आणि अर्धा तास घाम गाळून दोन्ही चाकं पस्तीसवर नेली.

पोहे खाताना ते खुशीत होते. सहज म्हणून गेले, "काय अद्वैतराव, चाकांची हवाबिवा बघितली असेलच?"

आणि काय आश्चर्य, जावई बोलायला लागला. "तेच तर मेन आहे बाबा. मागचे टायर साधे नाहीत, ड्रॅग रेडियल आहेत. रबर एकदम मऊ. हवा कमी ठेवली की टायर जमिनीवर पसरतो आणि सुटताना गाडी पकडून ठेवतो. हवा जास्त झाली की चाक नुसतं जागेवर फिरणार, मग रेस खतम. काल संध्याकाळी बसून बरोबर अठरा सेट केली. सगळं त्या अठरावर आहे."

नीळकंठरावांच्या घशात शेंगदाणा अडकला. तीन वर्षांनी जावयानं तोंड उघडलं होतं, आणि ते हे सांगायला. बायकोनं, सुनंदाबाईंनी, पाणी दिलं.

अद्वैत अंघोळीला गेला तसे ते धावतच बाहेर गेले. डाव्या चाकाशी बसून व्हॉल्व्ह दाबला. फुस्स आवाज ऐकून सुनंदाबाई ओट्यावर आल्या.

"साप आहे का?"

"साप कसला. हवा काढतोय."

"सकाळी तर भरत होता."

"तीच काढतोय."

"ऋतुजानं काय सांगितलं होतं?" सुनंदाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "तुम्ही ना, बसल्या जागी पंगा घेता."

डावं चाक अठरावर आलं. नीळकंठराव उजव्याकडे वळतात तोच जावई हेल्मेट घेऊन दारात उभा. आजकालची मुलं अंघोळीला पाच मिनिटं लावतात.

"बाबा, तुम्हीपण चला ना," तो म्हणाला. "मला बरं वाटेल."

हे तर त्यांनी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. आता खरं सांगावं तर बोलावणं जायचं, न सांगावं तर डावं अठरा आणि उजवं पस्तीस. ते काही न बोलता गाडीत शिरले, म्हणजे विहिरीत उतरावं तसे उतरले.

शाहपुऱ्याच्या बाहेर पडेपर्यंत ठीक होतं. मोठ्या रस्त्याला लागून अद्वैतनं जरा वेग घेतला तशी गाडी डावीकडे ओढू लागली. त्यानं सरळ केली, तर मागचा भाग डुलला. त्याच्या कपाळावर घाम आला, पण तो अवाक्षर बोलला नाही. सिग्नलला एक स्कूटरवाला काचेशी वाकून इथल्या हिंदीत म्हणाला,

"खां, पिछाड़ी झूल री है आपकी. दिखवा लो."

"हां भाई," अद्वैत बारीक आवाजात म्हणाला.

नीळकंठरावांचा जीव टांगणीला लागला. रेस गेली खड्ड्यात, आता मुलाच्या जिवाचा प्रश्न होता. त्यांनी युक्ती काढली. "जरा बाजूला घ्या. मला लघवीला जायचंय."

गाडी थांबली. गेज मुठीत धरून ते मागून उजव्या चाकाकडे निघाले, तर जावई आदबीनं खाली उतरून त्यांचा हात धरायला आला. शेवटी त्यांना खरंच भिंतीमागे जाऊन उभं राहावं लागलं.

एका किलोमीटरवर त्यांनी पुन्हा गाडी थांबवायला लावली. जावई पुन्हा उतरला. तिसऱ्यांदा "जरा बाजूला" म्हणताच अद्वैतनं गंभीरपणे विचारलं, "बाबा, शुगर कधी चेक केली होती?"

"मला शुगर नाही."

"आधी कुणालाच नसते बाबा. आणि हाताची मूठ अशी आवळून का धरलीय? मुंग्या येतायत का?" त्यानं गाडी वळवलीच. "आपण हॉस्पिटलला जाऊ."

"अहो, तुमची रेस?"

"पुढच्या महिन्यात पुन्हा असते. चालेल बाबा."

त्या 'चालेल'नं नीळकंठरावांना भडभडून आलं. या मुलानं चपलेचं सोसलं, आता रेसही सोसायला निघाला. त्यांनी मूठ उघडून गेज दाखवला आणि पहाटेच्या पायपंपापासून सगळं सांगून टाकलं.

अद्वैतनं गाडी कडेला घेतली. मग तीन वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर पडलं.

"बाबा, काही डोकंबिकं आहे का? मी इथं मरायला टेकलोय. मला वाटलं, गाडी तरी गेली, नाहीतर मला चालवताच येत नाही. सासऱ्यासमोर सांगणार कसं, म्हणून गप्प बसलो."

"चुकलं माझं. भरायला नको होती."

"भरलीत तेच बरोबर होतं. रस्त्यावर अठरावर गाडी डुलतेच. हवा तिथं धावपट्टीवर काढायची असते. सगळ्यांसमोर गेज लावून बसायची लाज वाटते म्हणून मी घरीच काढली, तो माझा गाढवपणा. तुम्ही भरलीत तेव्हा गाडी रस्त्यावर चालवायच्या लायकीची झाली होती. मग काढली कशाला? आणि काढली तर एकाच चाकाची?"

"तू लवकर आलास अंघोळीहून," नीळकंठराव म्हणाले.

सासऱ्याच्या तोंडचे 'अद्वैतराव' आणि 'तुम्ही' कधी गळून पडले, दोघांनाही कळलं नाही. जावई आणखी पाच मिनिटं त्यांना बोलत होता, त्यात चपलेचाही उद्धार झाला, आणि नीळकंठराव मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या जिवात जीव येत होता. परक्या माणसाला कुणी इतकं मनापासून बोलत नाही.

पुढं गोविंदपुऱ्याच्या वळणावर पंक्चरवाल्याकडे डावं चाक पस्तीसवर नेलं आणि गाडी शहाण्यासारखी सरळ धावली. धावपट्टीवर पोचल्यावर नीळकंठराव सगळ्यांसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी दोन्ही चाकं मोजून अठरावर आणली.

"बस करा बाबा, आता हात नका लावू," अद्वैत सगळ्यांदेखत ओरडला.

"बरं रे, ओरडू नकोस," ते समाधानानं म्हणाले.

अद्वैत अकरा जणांत चौथा आला. परतताना दोघंही घसा बसेपर्यंत भांडत होते, चौथा नंबर हवेमुळे की गिअरमुळे. घरी पोचले तर सुनंदाबाईंनी पानं वाढून ठेवली होती. जावयाच्या पानात चार भरली वांगी होती, तो आला की नेहमी असत.

अद्वैतनं पानाकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं. "आई, आज खरं सांगून टाकतो. मला वांगी आवडत नाहीत."

सुनंदाबाईंचा डाव हवेतच राहिला. त्या नवऱ्याकडे वळल्या. "हे तुमचं शिकवणं."

नीळकंठरावांना त्या दिवशी इतकं हलकं वाटत होतं, की तेही बोलून गेले, "मलाही नाही आवडत."

"काय?"

"लग्नानंतर पहिल्यांदा केलीस तेव्हा छान म्हणालो. मग तेच चालू राहिलं."

सुनंदाबाई डाव खाली ठेवून सावकाश पाटावर बसल्या. "मग अडतीस वर्षं मी ही करतेय कुणासाठी? मला तर वांग्यानं घशाला खाज सुटते."

 मग अद्वैत उठला आणि वांग्यांचं पातेलं स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून आला, आणि तिघं मिळून पोटभर वरणभात जेवले.