विहीण गेली गाडीसकट

पेडण्यात परदेशी पाहुण्याला भाड्याने गाडी द्यावी तर ती सगुणबाबांनीच! असं निदान सगुणबाब तरी सांगत. गाड्या दोनच, दोन्ही पांढऱ्या, जुळ्या बहिणींसारख्या. पण गप्पा अशा, की मोपाचा विमानतळ जणू ह्यांच्याच परसात बांधलाय!

त्या दिवशी मुळगावच्या प्रभावतीबाय त्यांच्या मुलीला, गौरवीला बघायला आल्या होत्या. मुलगा रुद्रेश त्यांचा, पण होय-नाही म्हणायचं ते बाईंनीच. जेवण झालं, सोलकढीची दोनदा तारीफ झाली, पण 'पसंत' हा शब्द काही बाईंच्या तोंडून सुटेना.

"आता बस गाठतंय," बाय छत्री घेऊन उठल्या.

"बस कित्याक? बाहेर आमची पांढरी गाडी आसा, ड्रायव्हर आसा. थेट दारात सोडतलो!"

बाय बाहेर गेल्या. त्यांना द्यायची काजूची पिशवी आणायला सगुणबाब आत वळले, तेवढ्यात पोलंडचा तोमाश दारात हजर. त्याला गाडी घेऊन हरमलच्या किनाऱ्यावर जायचं होतं. सगुणबाबांनी घाईघाईत पुढच्या गाडीची चावी त्याच्या हातात कोंबली. "नो टेन्शन! एव्हरीथिंग इन्क्लुडेड!"

पिशवी घेऊन ते बाहेर आले, तर पुढची गाडी गेलेली. ठीक. मागच्या गाडीत ड्रायव्हर शिवदास जांभया देत बसलेला.

"बाय खंय?"

"बाय? हांव त्यांचीच वाट बघतंय. मघाशी एक बाई त्या फुडल्या गाडीत मागे बसली ती..."

सगुणबाबांच्या हातातून पिशवी गळाली. त्यांनी बाईंना फोन लावला. फोन वाजला, पण घरात! बाईंनी तो चार्जिंगला लावला होता. तोमाशचा नंबर लावला, तर पलीकडून एक यंत्र पोलिश भाषेत काहीतरी बडबडलं.

"शिवदास, गाडी काढ! माझी विहीण गेली हरमलाक!"

तिठ्यावर पाव विकणारा पोदेर सायकल टेकून उभा होता. "गोरो ड्रायव्हर? हरमलाक खंयचो! म्हापशाच्या वाटेर गेलो. रस्त्याच्या उलट्या बाजून! आणि ऊन आसून वायपर चालू!"

सगुणबाबांना लगेच उमगलं. त्याच्या देशात रस्त्याची बाजूही उलटी आणि इंडिकेटरचा दांडाही उलट्या हाताला. वळायचं म्हटलं की बिचारा वायपर फिरवत असणार! मग काय, माग सोपा झाला. कोलवाळच्या पुलाशी एकाने सांगितलं, "वायपरवाली गाडी? आत्ताच गेली." थिवीत एक म्हणाला, "मागची बाई छत्रीन त्याका बडयत होती."

"बडयत होती?" सगुणबाब किंचाळले. गाडी शिवदास चालवत होता, पण ब्रेक सगुणबाब दाबत होते. समोर ब्रेक नव्हता, हा भाग वेगळा. एवढ्यात गौरवीचा फोन. "बाबा, मावशी पोचल्या काय?"

"पोचतत गो, पोचतत!" म्हणून त्यांनी फोन कापला आणि पेडण्यापासून पाळीपर्यंतचे सगळे देव एका दमात बोलावले. अस्नोड्याला दोन ट्रकांच्या मागे अडकले, तेव्हा तर ते उतरून पळतच निघणार होते. शिवदासने सदरा धरून ठेवला म्हणून बरं!

मुळगावला बाईंच्या दारात पांढरी गाडी उभी. वायपर अजून फिरत होते. सगुणबाब धडपडत दारापुढच्या ओसरीत, बल्कांवात शिरले, तर तोमाश बाकावर मांडी घालून हळदीच्या पानातले गोड पातोळे खातोय आणि बाय वाढतायत!

"मिस्टर सगुण!" तो खूश होऊन ओरडला. "गाईड व्हेरी गुड! लेफ्ट शोल्डर टक, लेफ्ट. राइट शोल्डर टक, राइट!"

सगुणबाबांनी हात जोडले. "बाय, माफ करा. हो ड्रायव्हर न्हय. गाडी भाड्यान घेतलेलो पावणो आसा!"

"तां माका कोलवाळाकच कळलां," बाय शांतपणे म्हणाल्या. "ड्रायव्हर कधी मोराचो फोटो काढूक गाडी थांबयता? पण म्हटलां, एसी बरो आसा, माणूस गरीब आसा. उतरून काय करूं?"

मग त्या बराच वेळ तोमाशकडे बघत राहिल्या. सगुणबाबांना वाटलं, मोडलं लग्न!

"ह्याचां लगीन जालां?" बाईंनी हळूच विचारलं.

"आँ?"

"माझी भाची आसा, समीक्षा. विचारा त्याका."

"पण बाय, आमच्या गौरवीचां..."

"तां मागीर! आधी ह्याका विचारा."

सगुणबाबांनी कसंबसं विचारलं. तोमाशने पाकिटातून फोटो काढला. बायको, तीन पोरं, एक कुत्रा. सगळे हसतायत, कुत्रासुद्धा. बाईंनी सुस्कारा सोडला.

"सांगितल्या वाटेन जाणारे दादले सगळे आधीच कोणीतरी न्हेलेले असतत."

मग त्यांची नजर दाराकडे वळली. तिथे रुद्रेश उभा होता. पाहुण्यांना पाणी आण, असं त्याला तीनदा सांगून झालं होतं.

"सगुणबाब, मुलगी पसंत आसा. पण तिका आता आमच्या रुद्रेशाचेरच भागवचां लागतलां."

रुद्रेशने मोबाईलमधून मान वर काढली.

"काय म्हणालंस गो आई?"