नऊ छाप्यांचं विमान

विमान बोरी अरबला पोस्टानं आलं, तेही बुटाच्या खोक्यात आणि कापसात गुंडाळून. कापूस पिकवणाऱ्या बोरी गावात कापसाची काय टंचाई पडली होती कोण जाणे. वीतभर लांबीचं प्लास्टिकचं लढाऊ जेट होतं ते. पाठवणारा अमरसिंग हवाई दलात फिटर होता आणि त्याचा थोरला भाऊ लखीराम बाजाराच्या रस्त्यावर सायकली दुरुस्त करायचा. खोक्यात विलायती छाप्यांचा एक कागद होता आणि चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. सुटे भाग मी जोडले, छापे तू निवडून लाव, त्यातला उस्ताद तूच.

हे मात्र खरं होतं. पाण्यात भिजवून सायकलीच्या मडगार्डवर सरकवायचे ते रंगीत छापे, वाघ, मोर, कमळ, लखीरामइतके सरळ तालुक्यात कोणी लावत नसे. ही गोष्ट लोकांना माहीत होती, कारण ती तो स्वतःच सांगत असे.

पण या खेळण्यावर अमरसिंगचं लग्न अडलं होतं. फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्याचे नायक भीमसिंग यांची मुलगी जमनी त्याला पसंत होती. तसं तो कधी लिहायचा नाही. प्रत्येक पत्रात फुलसावंगीला पाऊस कसा आहे एवढंच विचारायचा, आणि तिथं त्याची गुंठाभरही जमीन नव्हती. भीमसिंगांच्या डोक्यात मात्र कोणीतरी भरवलं होतं की पोरगा विमानतळावर झाडू मारतो. त्यांनी जमनीसाठी एक तलाठी मनात धरला होता. शेवटी लखीरामच्या आईनं, धुरपताबाईनं, निरोप धाडला, की बाजाराच्या दिवशी या, पोराच्या हातचं काम डोळ्यांनी पाहा, मग काय ते ठरवा.

बाजाराच्या सकाळी लखीराम छापे निवडायला बसला. विलायती कागदावर इंग्रजांची गोल चक्रं होती. इंग्रजाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आता त्याचा शिक्का आपल्या भावाच्या विमानावर कशाला, म्हणून त्यानं तो कागद बाजूला सारला आणि दुकानातली छाप्यांची पेटी उघडली. तेवढ्यात पेन्शनर नानाजी गुरुजी हवा भरायला आले. विमानावर तिरंगी चक्र असतं, ते रंगानं काढ, असं त्यांनी सांगितलं. रंगानं काढायला मी काय पाट्या रंगवतो, असं म्हणून लखीरामनं मडगार्डसाठीचा झेंड्याचा छापा शेपटीवर लावला. गुरुजी नाराज झाले, पण पुढं काय होतं ते पाहायला थांबले.

मग पंक्चर काढायला उकंडा आला. त्याच्या मते दुश्मनाला धाक बसायला वाघ हवा होता. उकंडा जुनं गिऱ्हाईक, त्याचं मन मोडवेना. डाव्या अंगाला वाघ झकास बसला. उजव्या अंगाला दुसरा लावला, आणि घोटाळा झाला. छाप्यातले सगळे वाघ एकाच दिशेला पाहणारे, त्यामुळे उजवीकडच्या वाघाचं तोंड शेपटीकडे आलं. विमान पुढं आणि वाघ मागं, म्हणजे वाघ लढाईतून पळत होता. तो झाकायला लखीरामनं त्याच्यावर मोठं कमळ लावलं. कमळाखालून वाघाची शेपूट बाहेर आली, तिच्यावर मोर आला, तरी वाघाचा एक कान बाहेर राहिलाच. उजवी बाजू भरगच्च झाली म्हणून डावी उघडी दिसू लागली, तिकडं आणखी दोन गेले. एक चिकटला पोटाला. नाक तेवढं रिकामं होतं, तिथं लखीरामच्या बायकोनं, लालीबाईनं, 'शुभ लाभ' लावायला लावलं.

भीमसिंग आले ते नेमके त्याच वेळी. पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर माल वाहिलेलं घराणं. त्यांनी विमान हातात घेतलं, उलटं केलं, पोट पाहिलं, शेपूट उचलून पाहिली, आणि परत बाकावर ठेवलं.

"लखीराम," ते म्हणाले, "एका बैलाच्या पुठ्ठ्यावर दोन खुणा असल्या, तं तो बैल मी घेत नाही. चोरीचा असते तो. याच्यावर नऊ हायेत."

आणि ते पागोटं सारखं करून उठले. भावाला आता काय तोंड दाखवायचं ते लखीरामला सुचेना. दुसरं काही सुचत नाही म्हणून त्यानं विमान उचललं आणि पंक्चर पाहायच्या टबात बुडवलं. छापे अजून ओले होते. वाघ, मोर, कमळ, झेंडा, सगळे एकेक करून पाण्यावर तरंगू लागले. विमान बाहेर आलं ते कोरं, करडं, सुरेख.

ते पाहून भीमसिंग दारातून मागे फिरले. त्यांनी विमानाच्या अंगावरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. सांधा कुठं आहे ते काही सापडेना.

"कोनं जोडलं हे?"

"अमरसिंगनं. हातानं."

"झाडूवाल्याचा हात नाही हा," भीमसिंग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

लखीरामला धीर आला. त्यानं विचारलं, की मग आता तुम्हीच सांगा, यावर कोणती खूण लावू. भीमसिंगांनी टबातल्या वाघांकडं पाहून नाक मुरडलं. खूण कशी असते हे आजकालच्या पोरांना ठाऊकच नाही, असं म्हणत त्यांनी लखीरामचा रेघा मारायचा बारीक ब्रश उचलला, पांढऱ्या रंगात बुडवला आणि दोन्ही पंखांवर झरझर दोन उभ्या रेघा आणि मधे एक टिक्का ओढला.

"ज्याची खूण, त्याचा माल. लांबून धनी ओळखू आला पाह्यजे."

धुरपताबाई इतका वेळ कोपऱ्यात सुपारी कातरत बसली होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला.

"नायक, हे खूण कोनाची हाय?"

"माही. तीन पिढ्यायची."

"मंग माल तुमचाच झाला. विमान घेऊन जा, आन पोरगं सुक्करवारी येते, त्यालेही."

भीमसिंगांनी हातातल्या ब्रशकडं पाहिलं, पंखांकडं पाहिलं. उकंडा आणि गुरुजी दोघेही साक्षीला उभे होते, आणि नियम खुद्द त्यांच्याच तोंडचा होता. मिशीखाली त्यांचा ओठ हलला, आणि मग ते एवढ्या मोठ्यानं हसले की रस्त्यावरची माणसं थांबली.

"गूळ आन, बाई," ते म्हणाले. तांड्यात सोयरीक पक्की होते ती गुळावरच. लालीबाई तोवर आणायला गेलीसुद्धा होती.

विमान पोरासोबतच नेईन म्हणून भीमसिंगांनी ते तिथंच ठेवलं होतं. शुक्रवारी अमरसिंग घरी आला. त्यानं हातपाय धुवायच्या आधी विमान उचललं, पंखांवरच्या रेघा पाहिल्या आणि बुचकळ्यात पडला. अशी निशाणी त्यानं देशोदेशीच्या विमानांच्या कुठल्याच तक्त्यात पाहिली नव्हती.

"भाऊ, हे कोन्या देशाचं विमान केलं तुनं?"

लखीरामच्या आधी धुरपताबाईच बोलली.

"तुह्या सासऱ्याचं."