खजूर खाली, पिसवा वर

दोन महिने पुण्यात काढून ओमानमधल्या सूरच्या घराचं कुलूप उघडलं आणि पाचव्या मिनिटाला नयनाच्या पोटरीला काहीतरी चावलं. दहाव्या मिनिटाला सहा वर्षांची देविका दोन्ही पाय खाजवत होती.

"डास असतील," अंबरीश बॅगा ठेवत म्हणाला.

"डास उड्या मारतात?" नयनाने विचारलं. अंबरीशच्या पांढऱ्या मोज्यावरचा काळा ठिपका टुणकन तिच्या ओढणीवर आला. पिसवा! "त्या मांजराच्याच. खजूर आता खालीच राहील."

खजूर, त्यांची मांजर, सुट्टीपुरती खालच्या मजल्यावर, रत्नागिरीच्या शकीलाभाभींकडे होती. खजूरसाठी आणलेला, विमानात हातात धरून बसलेला प्लास्टिकचा उंदीर देविकाने पाठीमागे लपवला. नयनाने ते पाहिलं, पण पोरीच्या पायावरचे लाल ठिपके त्याहून मोठे दिसत होते.

खाली शकीलाभाभी दारातच खजूरला फणी करत बसल्या होत्या.

"भाभी, हिला तुम्हीच ठेवून घ्या. पिसवा आहेत तिच्या अंगावर."

"खंय? दाखव." भाभींनी फणी पांढऱ्या रुमालावर झटकली. चार केस पडले. "पयल्या हप्त्यात होत्या. रोज फणी मारली, खलास. माझ्या घरात कोण खाजवत नाय." आणि त्यांनी नयनाच्या पायांकडे पाहिलं. उजवा पाय डाव्या पोटरीवर घासत होता.

"मग आमच्याकडे कुठून आल्या?"

"जाताना सोफ्यावर काय घातलंस?"

धूळ बसू नये म्हणून नयनाने घरातली प्रत्येक वस्तू झाकली होती, यादी करून. सोफ्यापाशी चादरी संपल्या, तेव्हा एक जुनी होतीच.

"खजूरच्या टोपलीतली," अंबरीश जिन्यावरून म्हणाला.

"म्हंजे अंडी तुमच्याकडं, मांजर माझ्याकडं," भाभी म्हणाल्या. "दोन महिने उपाशी बसलेल्या. पाव्हणे आले, उठल्या जेवायला."

त्याच्यामागून उतरलेल्या देविकाने हळूच विचारलं, "मग खजूर कमिंग... येणार वर?"

"नाय. साफ मांजर तुमच्या घरात कशी पाठवू? फवारणी होईपर्यंत तुम्हीच खाली राहा. आंघोळी करून, माझे कपडे घालून."

संध्याकाळी भाभींच्या ढगळ मॅक्सीत नयना चटईवर बसली होती. खजूर लांबूनच तिघांचा वास घेत होती. मग विचार करून देविकाकडे निघाली.

"थांब," नयना म्हणाली.

देविकाने उंदीर घट्ट धरला.

नयनाने मुलीचे पाय, फ्रॉक, बाही, सगळं दिव्याखाली उलटंपालटं करून तपासलं आणि मग खजूरला म्हणाली, "हं, बस आता. काही नाही हिच्या अंगावर."